शाईचं पेन आणि मराठी अक्षर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाईच्या पेनांबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पेनांविषयी जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा रोमन अक्षर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं. आपल्या अक्षराला डोक्यावर शिरोरेषा आहे, पोटात गाठी आहेत, जोडाक्षरांची उतरंड आहे. म्हणून तिकडचा सल्ला आपल्या हाताला जसाच्या तसा बसत नाही. खालची उत्तरं मराठी लिहिणाऱ्यांसाठी आहेत.

१. बॉलपेन स्वस्त आहे, गळत नाही. मग शाईचं पेन कशासाठी?

हातासाठी. बॉलपेनातली शाई घट्ट आणि तेलकट असते. टोकावरची गोळी फिरायला हवी, म्हणून दाब द्यावाच लागतो. शाईच्या पेनात निब कागदाला नुसती टेकली की शाई केशाकर्षणाने आपोआप उतरते. सलग पाच-सहा पानं लिहून ज्यांचा अंगठा भरून येतो, त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. फक्त दाबून लिहायची जुनी सवय सोडावी लागते आणि पेन उभं न धरता कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांत कलतं धरावं लागतं.

दिवसाकाठी दोन सह्याच करायच्या असतील, तर बॉलपेनच ठेवा. शाईचं पेन रोज लिहिणाऱ्याचं. पडून राहिलं की सुकतं.

२. पहिलं पेन कोणतं घेऊ?

स्टीलची निब, बारीक टोक आणि कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी सुटी नळी) लागणारं कोणतंही नीट बनवलेलं पेन चालेल. मी नवख्यांच्या हातात बहुधा जपानी पायलट मेट्रोपॉलिटन देतो, कारण त्याची निब पेटीतून काढल्याबरोबर लिहिते. लामी सफारी १९८० साली शाळकरी मुलांसाठी म्हणून निघाली. बोटं कुठे ठेवायची हे तिच्या पकडीवरच्या सपाट बाजू ठरवतात. तुमची बोटं मुळात तशीच बसत असतील तर उत्तम, नसतील तर तासाभरात त्रास सुरू होतो. ती घेण्याआधी हातात धरून पाहाच.

आपल्याकडची पेनं हवी असतील, तर कानपूरच्या कॅनराइटच्या निबा चांगल्या असतात. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांची गोष्ट निराळी. गांधीजींना अस्सल स्वदेशी पेन हवं होतं. ते रत्नम यांनी करून दिलं आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांना पसंतीचं पत्र पाठवलं. तिथे आजही लेथवर हाताने एबोनाइटचं पेन कातलं जातं. माझ्याकडच्या पेनाच्या टोपणाला नाक लावलं तर गंधकाचा मंद वास येतो, कारण एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. अशी पेनं जरूर घ्या, पण दुसरं पेन म्हणून. ती बहुतेक थेट नळीत शाई भरायची असतात आणि त्यांचं एक तंत्र आहे (प्रश्न ६ आणि ७).

३. निबेवर ईएफ, एफ, एम, बी लिहिलेलं असतं. मराठीसाठी कोणती?

एफ. ईएफ म्हणजे अतिबारीक, एफ बारीक, एम मध्यम आणि बी जाड. आपण रेघी वहीत दोन ओळींच्या मधल्या जागेत वेलांटी, रफार, उकार आणि अक्षर असं सगळं बसवतो. एम निबेने ‘क्ष’ची गाठ आणि ‘भ’चा डोळा बुजतो. जपानी एफ ही युरोपियन एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, तेव्हा नुसत्या अक्षरावर जाऊ नका. तुमचं अक्षर टपोरं असेल, तर जपानी एम आणि युरोपियन एफ दोन्ही चालतील. बी निब सहीसाठी शोभते.

४. दुकानात पेन तपासताना काय लिहून बघावं?

बहुतेक जण स्वतःची सही करतात किंवा गोल गोल गिरगटतात. सही हाताला इतकी पाठ असते की तिच्यात पेनाचा दोष लपून जातो. गोल रेघोट्याही फसव्या असतात.

मी तीन गोष्टी करतो. आधी ‘राष्ट्र’, ‘क्षत्रिय’, ‘कृष्ण’, ‘ऱ्हस्व’ असे गाठी आणि जोडाक्षरांचे शब्द रोजच्या आकारात लिहितो. मग पाच-सहा शब्दांवर एका दमात लांब शिरोरेषा ओढतो. ही आपली खरी कसोटी. डावीकडून उजवीकडे जाणारी एवढी लांब आडवी रेघ रोमन लेखनात येतच नाही, त्यामुळे उभ्या कान्याला लोण्यासारखी चालणारी निब शिरोरेषेला खरखरलेली मी कितीदा पाहिली आहे. रेघ मध्येच फिकी होते का, तेही इथेच दिसतं. शेवटी टोपण न लावता पेन अर्धा मिनिट हातात तसंच धरतो आणि पुन्हा एक अक्षर काढतो. पहिला काना उमटला नाही, तर पेन परत करतो.

दुकानदार बहुधा गुळगुळीत जाड कागद पुढे करतो. त्यावर सगळीच पेनं छान चालतात. तुमची रोजची वही सोबत न्या.

५. नवीन पेन आहे, तरी निब घासते. काय करू?

निबेला मधोमध चीर असते आणि त्यामुळे टोकाचे दोन भाग होतात. ते एका पातळीत नसले की खालच्या भागाची आतली कड कागदात रुतते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि निब समोरून, टोकाकडून बघा. एक भाग वर, एक खाली दिसला की दोष सापडला. वरचा भाग अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा लिहायचं. घाई नको.

पॉलिशपेपरवर निब घासू नका. पातळी चुकलेली असताना घासली, तर टोकावरचा कठीण धातू एका बाजूने झिजतो आणि तो परत येत नाही.

घासत नाही, पण दर शब्दाचं पहिलं अक्षर उमटतच नाही, असं असेल तर दोष वेगळा. टोक जरुरीपेक्षा जास्त गुळगुळीत केल्याने चिरेच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात आणि शाई कागदापर्यंत पोचत नाही. हे घरी नीट होत नाही, पेन बदलून मागा.

६. कार्ट्रिज, कन्व्हर्टर, ड्रॉपर, पिस्टन यांत फरक काय?

कार्ट्रिज म्हणजे शाईची भरलेली कुपी. संपली की फेकायची. प्रवासात सोयीची, एरवी महाग. कन्व्हर्टर त्याच जागी बसतो आणि दौतीतून शाई ओढून घेतो. त्यात साधारण अर्धा ते एक मिली शाई मावते. पिस्टनही दौतीतून शाई ओढतो, पण तो पेनाच्या अंगातच असतो. ड्रॉपरचं पेन म्हणजे आपल्या शाळेतलं पेन: आटे उघडायचे आणि नळीत थेट शाई सोडायची. मोठ्या पेनात ३ मिलीपेक्षाही जास्त मावते, आठवडे निघतात.

ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. बरेच जण व्हॅसलीन लावतात. ते पेट्रोलियमचं असतं आणि आतलं रबरी वायसर त्याने फुगून खराब होतं.

७. पेन गळतं. खिसा, बॅग, बोटं, सगळं निळं होतं. दोष पेनाचा का?

बहुधा आतल्या हवेचा. शाई कमी होते तसतशी तिची जागा हवा घेते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. ड्रॉपरच्या पेनात हवेची जागा मोठी, म्हणून त्रासही मोठा. शेवटचा एक तृतीयांश भाग उरला की पुन्हा भरा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. एबोनाइट उष्णता सावकाश जाऊ देतं, म्हणून उन्हाळ्यात ते धातूच्या पेनापेक्षा शहाण्यासारखं वागतं.

दुसरं कारण बाहेरचा दाब. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना माझ्या खिशात अर्धं भरलेलं पेन आडवं होतं. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सातव्या हिश्शाने कमी. वर पोचून टोपण काढलं, तर टोपणात चमचाभर शाई आणि निब शाईत बुडालेली. शर्टाचा तो डाग आजही आहे. घाट असो की विमान, नियम एकच: पेन काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं आणि निब वरच्या दिशेला.

या दोन्हींतलं काही नसेल, तर टोपणात आणि नळीवर चीर शोधा. प्लास्टिकला पडलेली केसाएवढी चीर उजेडात फिरवल्याशिवाय दिसत नाही.

८. शाई कोणती भरू?

बाटलीवर शाईच्या पेनासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तीच. रोजच्या वापराला आपली कॅमलची निळी शाई मला अजूनही पुरते. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कंपनीची ही शाई पातळ आहे, सहज धुतली जाते आणि निबेला सांभाळून घेते. रंगात थोडी फिकी आहे, हे मान्य. गडद छटा हवी असेल, तर कोलकात्याची सुलेखा बघा. ती स्वदेशीच्या काळातली, १९३४ची. केरळातल्या कृष्णाच्या शाया रंगांच्या हौशींसाठी आहेत.

ड्रॉइंग इंक किंवा वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीही घालू नका. तिच्यात लाखेसारखं बांधणारं द्रव्य असतं, ते जिभेच्या बारीक खाचांत एकदा वाळलं की पेन गेलं. (जीभ म्हणजे निबेखालचा तो काळा खाचांचा भाग.) काजळ आणि डिंक घोटून केलेली जुन्या पद्धतीची शाईसुद्धा बोरूसाठीच. हिराकस आणि मायफळ यांच्यापासून होणारी शाई कागदावर हवा लागून काळी पडते आणि पाण्याने जात नाही. ती पेनासाठी बनवलेली मिळते, पण आम्लधर्मी असते. महिन्यातून एकदा पेन धुणार असाल तरच वापरा.

जुन्या बाटलीत तरंगणारा तवंग किंवा तळाशी शेवाळासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. गाळून वापरायचा मोह नको. बाटली टाकून द्या, नाहीतर तीच बुरशी प्रत्येक पेनात जाईल.

९. दोन शाया एकत्र केल्या तर?

एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या असतील तर बहुतेक वेळा निभावतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एक आम्ल आणि एक अल्कधर्मी निघाल्या, तर गाळ साचतो. आधी छोट्या बाटलीत मिसळून दोन दिवस ठेवा आणि तळ बघा. पेनात थेट नको.

१०. वहीत शाई फुटते, मागच्या पानावर उमटते. पेन बदलू की शाई?

वही बदला. पेन नावडतं झाल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ कागदात असतं.

लोक जीएसएमचा आकडा विचारतात. तो कागदाचं वजन सांगतो, गुण नव्हे. जपानचा तोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या ७० किंवा ७५ जीएसएम कागदाहून कितीतरी हलका, तरी त्यावर शाई जराही फुटत नाही. फरक आहे तो खळीचा. कागद बनवताना त्याला स्टार्चसारखी द्रव्यं देतात. ती असली की शाई वर थांबून वाळते, नसली की धाग्याधाग्यातून पळते. आपल्या तोंडातल्या जिभेचं टोक कागदाला लावून बघा. ओल लगेच आत मुरली, तर त्या कागदावर शाईही तशीच मुरणार.

पावसाळ्यात हीच वही आणखी बिघडते. कोकणात राहणाऱ्यांनी मला हे इतक्यांदा लिहिलं आहे की ते आता वेगळं सांगायला हवं. जूनपासून कागद हवेतला दमटपणा धरून ठेवतो आणि मे महिन्यात स्वच्छ दिसणारं अक्षर जुलैत केसाळ होतं. कोऱ्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, लिहिण्याची तेवढी बाहेर काढा.

वही बदलणं हातात नसेल (ऑफिसची नोंदवही, मुलांची शाळेची वही), तर निब एक पायरी बारीक घ्या. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

११. हातकागदावर शाईच्या पेनाने लिहिता येतं का?

येतं, पण कागद निवडून. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद कसा होतो, ते तिथे जाऊन बघावं. खडबडीत हातकागदाचे तंतू निबेच्या चिरेत अडकतात आणि अचानक रेघ जाड होते. तो तंतू नखाने ओढू नका, पातळ कागदाची कड चिरेतून सरकवली की निघतो. पूर्वी पोथ्यांच्या कागदाला खळ देऊन तो दगडाने घोटत, त्यामुळे त्यावर बोरू घसरत चाले. आजही घोटीव हातकागद मागून घेतलात, तर पत्रासाठी त्याच्यासारखा कागद नाही.

१२. पेन कसं आणि किती दिवसांनी धुवायचं?

शाई बदलताना प्रत्येक वेळी आणि एरवी महिना-दीड महिन्याने. साधं पाणी, खोलीच्या तापमानाचं. कन्व्हर्टरने पाणी आत-बाहेर करत राहा, पाणी नितळ येईपर्यंत. अडलेलं असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून रात्रभर निबेचा भाग बुडवून ठेवा.

गरम पाणी नको. वडिलांचं काळंभोर एबोनाइटचं पेन मी घाईत कोमट पाण्यात घातलं होतं. बाहेर काढलं तेव्हा त्याचं टोपण शेवाळी-तपकिरी झालं होतं. उन्हानेही एबोनाइटचं असंच होतं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर कुठल्याच पेनाला लावू नका, अॅक्रिलिकला त्याने तडे जातात.

१३. चेक, परीक्षा आणि सरकारी अर्ज यांना शाईचं पेन चालतं का?

चेकसाठी रिझर्व्ह बँकेने शाईचा एकच रंग ठरवून दिलेला नाही. आता चेकची प्रतिमा काढूनच तो वटवला जातो, म्हणून प्रतिमेत स्पष्ट दिसणारी गडद आणि न पुसली जाणारी शाई हवी. धुतली जाणारी निळी शाई इथे अजिबात वापरू नका. खाडाखोडही चालत नाही, तेव्हा थेंब पडला की तो चेक रद्द करून नवा लिहा.

लेखी परीक्षेला निळी किंवा काळी शाई सहसा चालते, पण हॉलतिकिटावरच्या सूचना अखेरच्या. गोल भरायच्या उत्तरपत्रिकेला बॉलपेनच. कार्बन लावून दोन प्रती करायच्या असतील, तरीही बॉलपेनच, कारण तिथे दाबच लागतो.

१४. सोन्याची निब घ्यावी का?

सोनं गंजत नाही, हा त्याचा खरा फायदा. बाकी कागदाला सोनं टेकतच नाही. १४ कॅरट असो की स्टील, टोकावर वेगळ्या कठीण मिश्रधातूचा मणी जोडलेला असतो आणि लिहितो तो मणी. ‘इरिडियम पॉइंट’ असं निबेवर कोरलेलं असलं, तरी त्यात आज इरिडियम असेलच असं नाही. सोन्याची निब मऊ चालते असं म्हणतात, पण मऊपणा तिच्या आकारातून आणि जाडीतून येतो. कडक सोनेरी निबाही मी वापरल्या आहेत. त्या पैशांत दोन चांगली स्टीलची पेनं आणि वर्षभराचा चांगला कागद येतो, मी तो घेईन.

१५. बोरूसारखं जाड-बारीक अक्षर शाईच्या पेनाने निघेल का? आणि मोडी?

बाजारातल्या स्टब निबेने जाड-बारीक निघतं, पण ते आपलं नव्हे. सरळ कापलेल्या स्टबने काना जाड येतो आणि शिरोरेषा बारीक. बोरूच्या देवनागरीत हे दोन्ही जवळपास सारख्या जाडीचे असतात. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ बारीक आणि तिच्या उलट तिरकी जाड. म्हणून बोरूची कातर रोमन सुलेखनाच्या निबेच्या उलट दिशेला असते. पायलट पॅरलल हे रुंद पट्टीचं पेन सुंदर आहे, पण तेही रोमन हाताच्या सवयीचंच. कित्ता गिरवायचा असेल, तर उलट कातरीचा बोरू किंवा कट निब लावलेला टाक घ्या आणि दौतीत बुडवून लिहा. शाईचं पेन रोजच्या लेखनाला ठेवा.

मोडीचं उलट आहे. ती धावती लिपी, हात शक्य तितका न उचलता लिहायची. तिथे आधी आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवतात. मोकळी शाई सोडणारी गोल एम निब मोडीला फार छान चालते. देवनागरीला बुजणारी निब टाकून देण्याआधी तिच्यावर मोडी लिहून बघा.

१६. मी डावखुरा आहे. अक्षर पुसलं जातं.

निब पुसत नाही, तळवा पुसतो. हात ओळीच्या खाली ठेवून लिहिता आलं तर प्रश्नच मिटतो. नसेल जमत तर एफ निब आणि लवकर वाळणारी शाई घ्या. चकचकीत कागद टाळा, त्यावर शाई सर्वांत उशिरा वाळते. डाव्या हाताने शिरोरेषा ढकलत न्यावी लागते, म्हणून प्रश्न ४ मधली कसोटी तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाची.

१७. आजोबांचं जुनं पेन सापडलंय. चालू होईल का?

आधी ओळखा. निब जवळपास झाकलेली असेल, तर बहुतेकांना ते पार्कर ५१ वाटतं. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ साली आणि पुढे शांघायच्या हिरो ६१६ने तोच आकार घेतला. आपल्याकडे घरोघरी होतं ते हिरो. टोपणावरचं आणि टोपणाखालच्या कडेवरचं कोरीव नाव भिंगातून वाचा.

मग फक्त निबेचा भाग गार पाण्यात एक दिवस बुडवा (एबोनाइट असेल तर काही तासच). कितीही वर्षांची वाळलेली शाई धुराच्या वेटोळ्यांसारखी पाण्यात उतरायला लागते. ते बघण्यासाठीच मी काचेचा पेला वापरतो. पेनाच्या अंगावर खटका असेल, तर तो उचलू नका. आतली रबरी पिशवी बिस्किटासारखी कडक झालेली असते, खटका उचलला की तिचा चुरा होतो आणि खटकाही वाकतो. १९४८ नंतरच्या पार्कर ५१ची पिशवी मात्र पारदर्शक प्लास्टिकची असते आणि ती बहुधा शाबूत निघते.

पक्कड लावून काहीही उपटू नका. पार्कर ५१ची झाकणी लाखेने चिकटवलेली असते, ती जाणकाराने मापून ऊब देऊनच सोडवायची.

१८. मुलाच्या हातात शाईचं पेन कधी द्यावं?

पेन्सिल सुटली की, साधारण चौथी-पाचवीत. शाळेची परवानगी विचारा. जड धातूचं पेन नको, हलकं प्लास्टिकचं द्या. शाई धुतली जाणारी निळी. आणि पहिले पंधरा दिवस अक्षराबद्दल काही बोलू नका, हात दाब सोडायला शिकत असतो.

१९. पेनाबरोबर आणखी काय काय लागतं?

टीपकागद, भिंग आणि बल्बची छोटी पिचकारी. चामड्याची पाकिटं, पितळी स्टँड हे हौसेचं. टीपकागद अक्षरावर घासायचा नाही, वरून अलगद टेकवून उचलायचा.

२०. आपलं पेन दुसऱ्याने वापरलं की निब बिघडते, हे खरं का?

टोकावरचा मणी झिजायला वर्षं लागतात, चार ओळींनी काही होत नाही. खरी भीती वेगळी: बॉलपेनची सवय असलेला माणूस दाबून लिहितो आणि निबेचे दोन्ही भाग फाकतात. म्हणून बँकेत कुणी पेन मागितलं, तर मी नाही म्हणत नाही. टोपण माझ्या हातात ठेवतो, ‘दाबू नका, नुसतं टेकवा’ एवढं सांगतो आणि पेन देतो. टोपण नसलेलं पेन कुणी खिशात घालत नाही.